सात ठोक्यांना एक थेंब

कागद मंगळवारी सकाळीच टाइप होऊन आला होता. विद्यार्थिनी दीप्ती काशीराम सपकाळे हिच्या हलगर्जीपणामुळे सलाईनचा वेग वाढून रुग्णास त्रास झाला, अशी त्याची सुरुवात होती, आणि सबब सदर विद्यार्थिनीस प्रशिक्षणातून कमी करावे, असा शेवट. खाली तीन सह्यांची जागा होती. दोन झाल्या होत्या. तिसरी राहिली होती ती पुरुषांच्या मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर रंजना बोरसे यांची. ती झाली की शुक्रवारच्या मीटिंगनंतर मुलगी घरी.

सही करायला रंजना सिस्टरची काहीही हरकत नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण साध्या माणसावर लिहायला बसलं की त्याला पहिल्या ओळीपासून थोर करायची आपल्याकडे रीत आहे. रंजना सिस्टर मंगळवारी थोर वगैरे नव्हत्या. त्या चिडलेल्या होत्या. त्यांच्या वॉर्डात तेवीस वर्षांत एक बाटली चुकीच्या वेगाने गेली नव्हती, आणि आता एका पोरीने त्या हिशेबाला डाग लावला होता.

हॉस्पिटल सुरतेतलं, उधन्याकडचं, ट्रस्टचं. रंजना सिस्टर तिथे लागल्या तेव्हा इमारत दोन मजली होती, आता पाच मजली आहे, आणि लिफ्ट तेव्हाही बंद असायची. सिस्टर राहतात नवागामला, लूमच्या खात्यांना, म्हणजे कारखान्यांना, चिकटलेल्या चाळीत. वडील चिंधा बोरसे पारोळ्याहून आले आणि लूमवर लागले. आई मंगलाबाई अजून आहेत, अजून घरात अहिराणीच बोलतात, आणि सुरतेत चाळीस वर्षं काढूनही या गावाला ‘तथं’ म्हणतात, म्हणजे तिकडे. जणू त्या स्वतः कधी इकडे आल्याच नाहीत.

वॉर्डात नर्सिंग कॉलेजच्या मुली शिकायला येत. कॉलेजात पुस्तक शिकवायला कविता मॅडम होत्या. हात शिकवायचं काम वॉर्डातल्या सिस्टरांवर होतं. हे काम कोणी सोपवलेलं नव्हतं, ते आपोआप अंगावर पडलेलं होतं, जसं धाकट्या जावेवर धुणं पडतं. रंजना सिस्टरची शिकवण्याची पद्धत दोन शब्दांत मावायची: बघ, कर. त्या करून दाखवत. तेही इतक्या झपाट्याने, की बघणारीला फक्त झपाटा दिसे. मग मुलीने करायचं. चुकली की सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलायचं. वर्षाला सरासरी चार मुली लिननच्या खोलीत जाऊन रडत. रंजना सिस्टरना हा आकडा माहीत होता आणि तो त्या आपल्या कामाचा पुरावा मानत. “रडली ती शिकली,” असं त्या म्हणत. न रडता शिकलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली नव्हती.

सोमवारी झालं ते असं. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमधला योगराज नावाचा कामगार चार नंबरच्या कॉटवर होता. हृदय कमजोर. त्याला सलाईनची बाटली आठ तासांत, अगदी सावकाश द्यायची होती, मिनिटाला एकवीस थेंब. सकाळी आठला दीप्तीने बाटली लावली, तेव्हा रंजना सिस्टर शेजारच्याच कॉटपाशी होत्या. नऊ वाजता रंजना सिस्टर तिथून गेल्या, बाटलीकडे बघितलं आणि पुढे सरकल्या; दोन नवे पेशंट दारात उभे होते. एकच्या आत बाटली संपली. योगराज उठून बसला आणि पाण्याबाहेर काढलेल्या माणसासारखा श्वास घ्यायला लागला. धावपळ झाली, ऑक्सिजन लागला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. संध्याकाळी सहाला तो चहा मागत होता आणि बिनसाखरेचा आला म्हणून भांडत होता. तेव्हा पेशंट वाचला. आता दीप्तीचं काय, एवढाच प्रश्न उरला.

दीप्ती मूळची भुसावळकडची. बाप रेल्वेत. घरातून कॉलेजात गेलेली पहिली. तिने खुलासा लिहून दिला नाही. विचारलं तेव्हा, “मी सिस्टरांनी शिकवलं तसंच लावलं,” एवढं म्हणाली आणि गप्प बसली. ऑफिसने हे उद्धटपणा म्हणून नोंदवलं.

मंगळवारी दुपारी दोनला ड्युटी बदलताना रंजना सिस्टर डबा घेऊन चेंजिंग रूममध्ये बसल्या होत्या. शेजारी सुषमा सिस्टर, स्त्रियांच्या वॉर्डच्या. धुळ्याकडच्या, म्हणजे जवळजवळ भाऊबंदच. समोर लहान मुलांच्या वॉर्डातल्या वर्षा सिस्टर.

“सही केलीस?” सुषमानी विचारलं.

“जेवून करते. हात तेलाचे आहेत.”

“मग एक कर. सहीआधी मला एक दिवस तुझ्या मागे उभं राहू दे.”

रंजना सिस्टर हसल्या. हसण्यासारखंच होतं. मागे उभं राहणं हे सुषमा आणि वर्षा यांचं वर्षभरापासून चाललेलं खूळ होतं. एकीने आपल्या वॉर्डात मुलींना शिकवायचं, दुसरीने आपली ड्युटी नसताना जाऊन तिच्या मागे नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. नंतर डबा खाताना, आधी शिकवणारीने स्वतःला काय खटकलं ते सांगायचं. मग मागे उभी राहिलेलीने फक्त डोळ्यांना दिसलं ते सांगायचं. चांगलं, वाईट, छान, भयंकर असलं विशेषण वापरायचं नाही. वापरलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी नाश्त्याला सुरती लोचो आणायचा. आणि यातलं एक अक्षर वर कळवायचं नाही. हा विशेषणांचा नियम मराठी वाङ्मयसमीक्षेला लागू झाला असता तर कितीतरी ग्रंथ पाच पानांत आटोपले असते आणि लोचोवाल्यांचं भलं झालं असतं.

ही कल्पना कुठल्या ट्रेनिंगमधून आलेली नव्हती. नवागामच्या गच्च्यांवर उन्हाळ्यात पापड लाटायला बसतात, तिथे नव्या सुनेला सासू शिकवत नाही. शेजारीण मागे बसते आणि “कड जाड राहिली” एवढंच म्हणते. सासू म्हणाली तर भांडण होतं, शेजारीण म्हणाली तर पापड होतो. सुषमा सिस्टरनी ते तिथून उचललं.

“तेवीस वर्षांनी माझ्यामागे उभी राहून तू काय बघणार?” रंजना सिस्टर म्हणाल्या. “माझी वेणी?”

“वेणी तर वेणी. घाबरलीस का, रंजे?”

रंजना सिस्टरला नाही म्हणायचं असेल तर ‘घाबरलीस का’ सोडून काहीही विचारावं.

बुधवारी सकाळी आठला सुषमा सिस्टर साध्या साडीत येऊन मागे उभ्या राहिल्या. रंजना सिस्टरनी त्या दिवशी मुद्दाम सलाईनच शिकवलं. सहा मुली अर्धगोलात उभ्या होत्या, दीप्ती शेवटी. शुक्रवारपर्यंत तिने यायचं पण पेशंटला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. सिस्टरनी बाटली टांगली, नळीतली हवा काढली, नळीवरची वेगाची चाकी फिरवली, थेंब लावला. “बघितलं? अस्सं.” पाऊण मिनिट लागलं असेल.

दोन वाजता डबे उघडले.

“बोल,” सुषमा म्हणाली. “आधी तू. तुला काय खटकलं?”

“काही नाही.”

“बरं. मी दिसलं ते सांगते. एकवीस थेंब मोजायचे म्हणालीस. घड्याळ बघितलं नाहीस.”

“मला लागत नाही.”

“लागतं का नाही ते मी म्हटलं नाही. बघितलं नाहीस, एवढंच. दुसरं. त्या गोऱ्या पोरीने खिशातून घड्याळ काढलं. तू म्हणालीस, घड्याळ काय बघते, बाटली बघ, कॉलेज सुटायची वेळ झाली का? पोरी हसल्या. तिने घड्याळ खिशात टाकलं. बाकीच्या पाचजणींचीपण घड्याळं खिशातच होती. मनगटावर एकीच्याही नव्हतं.”

“आणि?”

“आणि थेंब लावताना तुझी दोन बोटं कॉटच्या दांडीवर वाजत होती.”

“कुठली बोटं?”

“ही बघ, आतापण वाजतायत.”

रंजना सिस्टरनी खाली बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं डब्याच्या झाकणावर टक टक टक चालली होती. तेवीस वर्षं आपलीच बोटं वाजतायत आणि आपल्याला पत्ता नाही, याचा त्यांना आला तो राग आधी सुषमावर निघाला, मग वर्षावर, मग डब्यातल्या मेथीवर. मेथी संपल्यावर त्या म्हणाल्या, “घड्याळ काढ. मी वाजवते, तू मोज.”

वर्षा सिस्टरनी मोजलं. मिनिटाला एकशे सत्तेचाळीस. परत मोजलं. एकशे सत्तेचाळीस. दर सात ठोक्यांना एक थेंब धरला की बरोब्बर एकवीस.

“व माय,” सुषमा म्हणाली. “हे कुठून आणलंस?”

रंजना सिस्टरनी झाकणावर परत बोटं वाजवून बघितली. मग म्हणाल्या, “लूम आहे ती. दादांची.”

शाळेचा अभ्यास त्यांनी वडिलांच्या लूमशेजारी, सुताच्या पेटाऱ्यावर बसून केला होता. पाढे त्या ठोक्यावर, कविता त्या ठोक्यावर. पुढे नर्सिंगला गेल्या, घड्याळ घ्यायला उशीर झाला, आणि थेंबही त्याच ठोक्यावर बसले. लूम हे यंत्र दमत नाही, घाबरत नाही आणि सुट्टीला गावी जात नाही, त्यामुळे सिस्टरची बाटली कधी चुकली नाही. अडचण एवढीच होती की ही लूम फक्त त्यांच्याच अंगात बसवलेली होती.

“पोरींना हे दिसत असणार,” वर्षा सिस्टर म्हणाल्या.

रंजना सिस्टर तशाच उठून वॉर्डात गेल्या, हात न धुता. सहाही मुली निघायच्या तयारीत होत्या. एक स्टँड, एक रिकामी बादली आणि पाण्याने भरलेली जुनी बाटली मांडली. “एकवीस लावा. एकेकीने. मी शिकवलं तसं.”

सहाजणी पुढे आल्या. सहाहीजणींनी काही न सांगता डावा हात चाकीवर ठेवला आणि उजव्या हाताची दोन बोटं स्टँडच्या दांडीवर वाजवायला सुरुवात केली. सात ठोके, एक थेंब. त्यांना वाटत होतं हीच पद्धत. वॉर्डात सिस्टर तसंच करतात, म्हणजे तसंच करायचं असतं. कामरेजच्या शेतकऱ्याच्या मुलीचे थेंब पंधरा आले. गोऱ्या मुलीचे सव्वीस. दीप्तीचे चौतीस.

“एवढ्या जोरात का वाजवतेस?” रंजना सिस्टरनी विचारलं.

“तुम्ही शेजारी उभ्या होत्या सिस्टर,” दीप्ती म्हणाली. “सोमवारीपण होत्या.”

भ्यायलेल्या माणसाची बोटं लवकर चालतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण चौतीसाचा हिशेब त्याने पुरा बसतो.

घरी मंगलाबाईंनी लेकीचं तोंड बघून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांना सलाईन कळत नव्हतं, पण न्याय कळत होता. तो त्यांनी अनेक नळांवर केलेला होता.

“चूक तुन्ही शे,” त्या म्हणाल्या. “मंग कागदवर नाव पोरन्हं कसाले?”

गुरुवारी रंजना सिस्टर ऑफिसात गेल्या. तिथे ट्रस्टचे कारभारी मगनभाई बसतात. मगनभाई अर्धं गुजराती बोलत, सिस्टर मराठीत उत्तर देत, आणि इतक्या वर्षांत दोघांचंही काही अडलं नव्हतं.

“रंजनाबेन, सही लाव्या?”

“नाही. दुसरा कागद आणलाय. तुमच्या कागदात चूक होती.”

मगनभाईंनी चष्मा लावला. वहीतून फाडलेलं पान होतं. त्यावर लिहिलं होतं: दीप्तीने मी शिकवले तसेच केले. घड्याळाऐवजी ठोके मोजायला तिला मी शिकवले, हे मला स्वतःला बुधवारपर्यंत माहीत नव्हते. घड्याळ काढणाऱ्या मुलींना मी सगळ्यांसमोर हसले. सोमवारी नऊ वाजता बाटली मी बघितली आणि न मोजता पुढे गेले. खाली सही, तारीख, वेळ.

मगनभाईंनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्या वेळी ओठ हलवत. मग उठून दार लावलं.

“बेन, तुमची सिनियॉरिटी बघा. असं कोणी लिहून देतं? नाव खराब थाय. छोकरी काय, एक जाईल, दुसरी येईल.”

“दुसरी येईल. तिलापण मीच शिकवीन, अशीच. मग तिलापण काढाल?”

“तिला नीट शिकवा ना.”

“म्हणजे हिला नीट शिकवलं नव्हतं, हे तुम्हाला मान्य आहे. मग सही कशावर करू?”

मगनभाईंनी पंख्याकडे बघितलं. “विचार करा.”

“केला. म्हणून तर दोन दिवस लागले.”

“हा कागद मला घेता येणार नाही.”

“घेऊ नका. उद्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचते.”

शुक्रवारी मीटिंगला मगनभाई, मोठे डॉक्टर आणि कविता मॅडम होत्या. दीप्ती भिंतीला टेकून उभी. रंजना सिस्टर आत आल्या त्या सलाईनचा स्टँड ढकलत. मागून सुषमा सिस्टर बादली घेऊन. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बादली मात्र बघताच सगळ्यांनी पाय मागे घेतले.

कागद वाचून झाला. मोठे डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, तुमची भावना कळली. पण एकवीस थेंब डोळ्यांनी ओळखणं काही फार अवघड नाही. मुलीने थोडं लक्ष दिलं असतं तर...”

“सर, तुम्ही लावता?”

“मी?”

“एकवीस. घड्याळाशिवाय.”

डॉक्टर उठले. त्यांनी बाह्या वर केल्या, चाकी फिरवली, मान तिरकी करून थेंबांकडे बघितलं आणि समाधानाने बाजूला झाले. सुषमा सिस्टरनी मोजलं. अडतीस.

“चौतीसला घरी पाठवायचं ठरलंय,” रंजना सिस्टर म्हणाल्या. “अडतीसचं काय करायचं?”

कविता मॅडमना एकदम खोकला आला. मगनभाईंनी खिडकी उघडली. डॉक्टरांच्या बाजूने सांगायला हवं की ते हसले, जरा उशिराने, पण हसले, आणि दीप्तीचा कागद त्यांनी स्वतः फाडला. मुलीने महिनाभराचं वॉर्डाचं काम पुन्हा करावं, असं ठरलं.

मगनभाईंना मात्र काहीतरी शिक्षा हवीच होती, कारण मीटिंगच्या नोंदवहीत तसा रकाना होता. रंजना बोरसे यांनी सहा महिने विद्यार्थिनींना शिकवू नये, असं त्यांनी त्यात लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, “शिक्षा लिहा. पण हिचा महिना माझ्याच वॉर्डात ठेवा. चुकीचं जिथे शिकली तिथेच नीट शिकू दे. शिकवायला बाकीच्या सिस्टर आहेत.” आणि त्यावर त्या अडून बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी डॉक्टर दीप्तीकडे वळले. “तू सांग. कुठे जायचं?”

“सुषमा सिस्टरांच्या वॉर्डात,” दीप्ती म्हणाली.

डॉक्टरांच्या अडतीसचं पाणी अजून बादलीत पडत होतं. दोन दिवस जिच्यासाठी भांडलो तिने भर मीटिंगमध्ये असं म्हणावं, यावर पुष्कळ लेखकांनी अश्रू काढले असते. रंजना सिस्टरनी नळी बंद केली आणि स्टँड घेऊन बाहेर पडल्या. पॅसेजमध्ये त्यांनी मुलीला गाठलं.

“घाबरतेस मला?”

“हो.”

“अजून?”

“अजून. पण त्यामुळे नाही.” दीप्तीने भिंतीकडे बघत सांगितलं. “तुम्हाला काही विचारलं की तुम्ही उत्तर देत नाही सिस्टर. पुन्हा करून दाखवता. आणखी जोरात. मला का ते पाहिजे असतं.”

रंजना सिस्टरनी स्टँड वळवला. “हे मला सुषमानेसुद्धा सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि स्टँड ढकलत निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी दोन लखोटे आले. एकात मनाईचा हुकूम होता. दुसऱ्यात एक छापील फॉर्म होता. मागे उभं राहण्याची कल्पना कुठूनतरी मगनभाईंच्या कानावर गेली होती, ती त्यांना आवडली होती आणि आवडलेल्या गोष्टीचा ते फॉर्म करतात. शिकवणाऱ्या सिस्टरला शंभरपैकी गुण द्यायचे, शेरा लिहायचा, ऑफिसात जमा करायचा. तिघींनी तो न भरताच परत पाठवला. रंजना सिस्टरनी वर एक ओळ लिहिली: आमच्यात गुण देत नाहीत. हुकुमावर त्यांनी ‘मिळाला’ लिहिलं, सही केली, आणि त्याच दुपारी स्त्रियांच्या वॉर्डात जाऊन उभ्या राहिल्या.

दुपारच्या पाळीला लागलेल्या सुषमा सिस्टर दीप्तीला इंजेक्शनच्या जागा शिकवत होत्या. दीप्ती विचारत होती, सुषमा हातातलं थांबवून सांगत होत्या. मग ती परत विचारत होती. एका प्रश्नाला तर सुषमा “मला नाही माहीत, आपण बघू” असं म्हणाल्या, पेशंटच्या देखत. रंजना सिस्टरचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मगनभाई राउंडला आले ते याच वेळी.

“रंजनाबेन, तुम्हाला मनाई आहे ना?”

“शिकवायची. मी कुठे शिकवतेय?”

“मग अहीं शुं करो छो?”

“शिकतेय.”

“ड्युटीच्या टाइममध्ये?”

“ड्युटी दोनला सुटली. आता अडीच झाले.”

“तो घेर जाओ ने, बेन.”

“हिचं आटोपलं की जाते. उद्या परत येईन.” त्यांनी मान वळवली नाही, नजर सुषमाच्या हातांवर होती. “तुम्हाला चालत नसेल तर तसा हुकूम काढा मगनभाई. रंजना बोरसे यांनी शिकू नये. मी ‘मिळाला’ लिहून देते.”

तो हुकूम अजून निघालेला नाही. रंजना सिस्टर रोज अडीचला तिथे असतात.